जीवसृष्टी सुरू व्हायला फॉस्फरस कशाला लागला?

तुम्ही विचारलंय की कार्बन होता, पाणी होतं, विजा पडत होत्या. मग जीव निर्माण व्हायला फॉस्फरसवाचून काय अडलं होतं, आणि तो आला कुठून?

मी इंदूरला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत १९ वर्षं काम केलं. आम्ही फॉस्फरसला स्फुरद म्हणतो. सांवेर, देपालपूरकडचे सोयाबीनवाले शेतकरी अहवाल हातात घेऊन विचारायचे, "साब, डीएपी तो पूरा डाला था, फिर कम कैसे?" (डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, स्फुरदाचं खत.) मी त्यांना जे सांगायचो, त्यातच तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात अवघड भाग आहे. घातलेला स्फुरद कुठे पळालेला नसतो. माळव्याच्या काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर. ते स्फुरदाला धरतं, त्याचं न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट होतं, आणि मुळाशेजारी पडून असूनही पिकाच्या तोंडी लागत नाही.

सुरुवातीच्या पृथ्वीवर नेमकी हीच अडचण होती. फॉस्फरस होता, पण खडकांत अ‍ॅपेटाइट या खनिजात अडकलेला. आपली हाडं आणि दात जवळपास याच खनिजाचे असतात. पाण्यात ते किती कमी विरघळतं हे त्यावरूनच कळावं. अ‍ॅडिसन गुलिक यांनी १९५५ मध्ये हा पेच मांडला, आणि संशोधक आजही त्याच्याशी झगडतायत.

पण मुळात फॉस्फेटच का? फ्रँक वेस्टहाइमर यांनी १९८७ मध्ये याचं उत्तर दिलं, आणि ते मला अजूनही फार सुंदर वाटतं. फॉस्फेट एकाच वेळी दोन रेणूंना जोडतं आणि तरी त्याच्यावर एक ऋणभार शिल्लक राहतो. डीएनएची साखळी अशाच जोडांची आहे. त्या ऋणभारामुळे पाणी जोडावर सहज हल्ला करू शकत नाही, आणि रेणू पेशीच्या पटलातून बाहेर निसटत नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूतले जोडही असेच: तुटले की ऊर्जा देतात, पण विकर (एन्झाइम) येईपर्यंत थांबून राहतात. इतकं टिकाऊ आणि तरी वेळेवर तुटणारं दुसरं काही शोधून दाखवणं कठीण. आर्सेनिक दिसायला फॉस्फरसचं भावंड, पण त्याचे असे जोड पाण्यात टिकत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू डीएनएत आर्सेनिक वापरतो असा दावा २०१० मध्ये झाला होता. २०१२ च्या प्रयोगांत तो दावा टिकला नाही.

आता कोंडी कशी फुटली ते. इथे मला प्रयोगशाळेतलं टेबल आठवतं. आमच्याकडे ऑल्सन पद्धत असायची: २.५ ग्रॅम माती, त्यावर ५० मिली सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण, पीएच ८.५. अर्धा तास हलवायचं, गाळायचं, मग मॉलिब्डेट आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घातलं की निळा रंग चढतो. जितका गडद, तितका उपलब्ध स्फुरद. यात बायकार्बोनेटचं काम काय? ते कॅल्शियमला स्वतःकडे ओढतं, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून खाली बसवतं, आणि फॉस्फेट मोकळं होतं. मी हे हजारो वेळा केलं असेल, पण त्याचा जीवसृष्टीशी संबंध कधी सुचला नाही. २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांचं काम वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यांचं म्हणणं असं, की कार्बोनेटने भरलेल्या खाऱ्या सरोवरांत हेच आपोआप घडतं. कार्बोनेट कॅल्शियम पळवतं, फॉस्फेट पाण्यात साचत जातं, आणि त्याचं प्रमाण समुद्राच्या हजारो पट होऊ शकतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातलं लास्ट चान्स हे उथळ सरोवर असंच आहे, आणि ते बेसॉल्ट या ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर आहे. आपलं बुलढाण्याचं लोणारही याच कुळातलं: बेसॉल्टच्या विवरातलं क्षारयुक्त पाणी. इंदूरच्या काळ्या मातीखाली तोच दख्खनचा बेसॉल्ट आहे.

उल्का आणि विजेबद्दल थोडक्यात सांगतो. लोखंडी उल्कांमध्ये श्रायबरसाइट नावाचं लोह, निकेल आणि फॉस्फरसचं खनिज असतं. ते पाण्यात गंजलं की फॉस्फाइट सुटतं, आणि फॉस्फाइट फॉस्फेटपेक्षा चांगलं विरघळतं. २०२१ मध्ये इलिनॉयमधल्या, वीज पडून वितळलेल्या मातीच्या काचेतही हे खनिज सापडलं. म्हणजे तुम्ही म्हणता त्या विजांचा हातभार खरोखर असू शकतो. पण मला सरोवरांचा मार्ग जास्त पटतो, कारण तिथे साठा वर्षानुवर्षं वाढत राहतो; उल्का आणि वीज यांची वाट पाहावी लागत नाही.

फॉस्फेट मोकळं झालं म्हणजे काम झालं असं नाही. ते दुसऱ्या रेणूला जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर टाकावा लागतो, आणि भोवती पाणीच असेल तर ते जमत नाही. म्हणून सरोवर आटणं महत्त्वाचं. रॉल्फ लोरमान आणि लेस्ली ऑर्गेल यांनी १९७१ मध्ये युरिया, अमोनियमचं मीठ आणि फॉस्फेट यांच्यासोबत न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या कडीचा फॉस्फेट नसलेला भाग) कोरडं तापवलं, तर फॉस्फेट त्याला जाऊन चिकटलं. युरिया आणि अमोनियम फॉस्फेट! आमच्या शेतकऱ्यांच्या कोठारात शेजारी शेजारी ठेवलेली पोती.

सरोवरांच्या या मार्गावर एक आक्षेप मात्र भक्कम आहे. कार्बोनेट कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही कमी करतं, आणि आरएनएला (डीएनएचा जवळचा नातेवाईक रेणू) घडी घालून काम करायला मॅग्नेशियम लागतं. शिवाय इतक्या क्षारयुक्त पाण्यात आरएनएची साखळी लवकर तुटते. पावसाळ्यात गोड पाणी येऊन क्षार पातळ होत असतील आणि उन्हाळ्यात पुन्हा आटत असतील, तर फॉस्फेट जोडणं आणि आरएनएचं काम, ही दोन्ही कामं ऋतूंमध्ये वाटली जाऊ शकतात. पुढचे प्रयोग या ओल्या-कोरड्या चक्रावर व्हावेत, असं मला मनापासून वाटतं.