अंडाशय-गर्भाशयाचा कॅन्सर आणि हृदय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे, पोटात पाणी होतं. आठवड्यापासून डावा पाय सुजलाय, जिना चढताना धाप लागते. हे पाण्यामुळेच ना?

पोटातल्या पाण्याने सहसा दोन्ही पाय सुजतात. एकच सुजला तर शिरेत गुठळी आहे असं धरूनच चाला. सोबत धाप असेल तर ती फुप्फुसात सरकली असू शकते. पायाचा डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी आजच्या आज करून घ्या. पाय चोळू नका. डी-डायमरवर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पैसे घालवू नका. कॅन्सरमध्ये तो एरवीही वाढलेलाच असतो.

गुठळी निघाली तर एनॉक्सापॅरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) दर १२ तासांनी, किलोमागे १ मिलिग्रॅम. ५० किलोला ५० मिलिग्रॅम. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर तेवढंच, पण दिवसातून एकदाच. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ५० हजारांखाली उतरल्या की डोस पुन्हा ठरवावा लागतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या अपिक्सॅबानच्या गोळ्या सोयीच्या खऱ्या, पण अंगावरून रक्त जात असेल किंवा उलट्या होत असतील तर इंजेक्शनच बरं. किमान ६ महिने, आणि कॅन्सर अंगात असेपर्यंत. पोटातलं पाणी काढायला जाल तेव्हा शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते आधी सांगा.

प्रश्न : लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन (हृदयावर परिणाम करू शकणारं केमोचं औषध) चालू आहे. टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाचं पंपिंग ६४ टक्क्यांवरून ४८ वर आलं. त्रास काहीच नाही.

१० किंवा अधिक अंकांची घट आणि तीही ५० च्या खाली. पुढचा डोस थांबवा, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. इको शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा करा. रॅमिप्रिल, कार्व्हेडिलॉलसारख्या हृदयाच्या गोळ्या या टप्प्यावर सुरू केल्या तर पंपिंग सुधारण्याची शक्यता जास्त. बीआरसीए या जनुकात दोष असलेल्या बऱ्याच जणींना आधी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असतो. तेव्हा चार वेळा घेतलेलं साधं डॉक्सोरुबिसिन (शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे दर वेळी ६०, म्हणजे एकूण २४० मिलिग्रॅम) आयुष्यभराच्या ४५० ते ५५० च्या मर्यादेत मोजायचं असतं. जुनी फाईल घरी राहिली तर हा हिशेब राहून जातो.

प्रश्न : गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅबचे (रोगप्रतिकारशक्ती चेतवणारं इम्युनोथेरपीचं औषध) दोन डोस झाले. पापण्या जड, छातीत धडधड.

थांबू नका, रात्र असली तरी इमर्जन्सीत जा. या औषधामुळे हृदयाच्या स्नायूंचा दाह झालेला असू शकतो. डोळ्यांचे स्नायू अनेकदा त्याच्या सोबतच ढिले पडतात. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) लगेच. दाट शंका असेल तर बाकीच्या रिपोर्टची वाट न बघता मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम शिरेतून.

प्रश्न : केमो थांबवली आहे, आता फक्त आरामासाठीचे उपचार. सासूबाईंच्या बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या?

कोलेस्टेरॉलची बंद करायला हरकत नाही. वजन घटलं की बीपीही उतरतं, म्हणून ती गोळी डॉक्टरांना विचारून कमी करा. सूज-धापेसाठीची फ्युरोसेमाइड मात्र चालू ठेवा. ती आरामासाठीच आहे.