वाचकांचे प्रश्न : गांधीनगरमधले पोलिश

प्रश्न : लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलो होतो. तिथले एक वयस्कर दुकानदार म्हणाले, "आमच्या आधी इथं पोलंडची माणसं राहायची." हे खरं आहे का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अगदी खरं आहे. १९४० पासून सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा त्यांतल्या अनेकांची सुटका झाली. धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यांतली सुमारे ५००० जणं १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला आली.

जामनगरच्या जामसाहेबांनी आसरा दिलेली बालाचडीची छावणी वेगळी. ती प्रामुख्यानं अनाथ मुलांची होती. वळिवड्याला मात्र अख्खी वसाहत उभी राहिली. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं! आणि हा संसार बहुतांशी बायकांनी चालवला, हे मला फार मोलाचं वाटतं. माझी आजी शेजारच्या चिंचवाडची. ती छावणीत दूध घालायची. तिथल्या बायका खिडक्यांना पडदे लावायच्या आणि दारात फुलझाडं जपायच्या, हे ती कौतुकानं सांगायची.

त्यांचे पुरुष तेव्हा इटलीत लढत होते. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या चढाईत अँडर्स यांची पोलिश कोअर (मोठं सैन्यदल) होती आणि आपली मराठा लाइट इन्फंट्रीही. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच दिवशीच्या पराक्रमासाठी. वळिवड्यात पत्रांची वाट पाहणाऱ्या त्या बायका आणि आपल्या खेड्यापाड्यांतल्या जवानांच्या घरच्या बायका एकाच आघाडीकडे कान लावून होत्या.

युद्ध जिंकलं, पण त्यांचा मुलूख सोव्हिएत संघात गेला. परतायचं कुठं? १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, कुणी पुढं ऑस्ट्रेलियाला.

त्याच जागेवर फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं वसली. त्यांचं गांधीनगर झालं आणि कापडाची पेठ त्यांनी कष्टानं उभी केली.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. पुढच्या खेपेला मुलांना जरूर दाखवा.