मूठ नसलेली इस्त्री

प्रश्न : जुन्या चाव्या, मोडक्या कात्र्या, मूठ निघालेली एक इस्त्री, असं बरंच काही मी जमवलंय. त्यातून शिल्प करायचंय, पण जोडायला बसले की नुसता ढीग होतो. मुलगी म्हणते, ‘हे तर कुणीही करेल.’ अडगळीचं शिल्प नेमकं कधी होतं? — एक वाचक

उत्तर : तुमची इस्त्री वाचली आणि मॅन रे या अमेरिकन कलावंताची इस्त्री डोळ्यांपुढे आली. १९२१ साली त्याने साध्या इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची एक रांग चिकटवली आणि नाव दिलं ‘भेटवस्तू’. कपड्यावर फिरवाल तर कापड टराटरा फाटेल! तेच खिळे मुठीला लावले असते तर काही घडलं नसतं. म्हणून जोडण्याआधी वस्तूला विचारा, तुझं काम काय होतं?

दुसरं, जुनी वस्तू हरवू देऊ नका. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. बघताना बैलही दिसतो आणि सायकलही. पुढे त्याने ते ब्राँझमध्ये ओतलं. मला मात्र सीटचं चामडंच हवंसं वाटतं.

हे मी चुकूनच शिकलो. माझ्याकडच्या एका कात्रीचा मधला खिळा पडला होता. पात्यांभोवती मी बावीस चाव्या झाळल्या. पक्षी छान झाला, पण कात्री कुठे दिसेना. सगळं सोडवलं. काही महिन्यांनी त्या रिकाम्या भोकातून पांढरा दोरा ओवून गाठ मारली. जन्मभर जो दोरा कापला, त्याच्याच आधाराने आता पाती एकत्र आहेत. त्याला आणखी काही जोडावंसं वाटलं नाही.

मुलीला सांगा, हात कुणाचेही चालतील, पण ते भोक आधी दिसावं लागतं.

आणि कृपा करून गंज खरवडून चकचकीत करू नका. सुटे पापुद्रे ब्रशने झाडा, वस्तू पूर्ण कोरडी करा आणि मेणाचा पातळ हात द्या. चावीवर अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेली जागा असते, तीही पुसली जाता कामा नये.

तुमच्या इस्त्रीची मूठ गेलीय ना? तिथूनच सुरुवात करा. धरायला काहीच नसलेली, पण अजून तितकीच जड इस्त्री. ती आठवडाभर टेबलावर एकटी ठेवा. चाव्या तोवर डब्यातच राहू द्या.