घरच्या माक्याच्या तेलाला आंबट वास का येतो

तुम्ही इंदूरहून लिहिलंय की खोबरेल तेलात ताजा माका, जास्वंदीची पानं आणि कांद्याचा रस घालून लोखंडी कढईत वीसेक मिनिटं उकळलं. महिन्याभरात तेलाला आंबट वास आला, तळाशी चिकट गाळ बसला. शिवाय वय 28, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे चाललेत, त्यावर हे तेल चालेल का?

आधी कोपऱ्यांचं सांगतो, कारण त्यात वेळ घालवणं महागात पडतं. पुरुषांमध्ये असे कोपरे मागे जातात ते बहुतेक वेळा डीएचटी या हार्मोनमुळे. केस गळून नवा येण्याच्या दर फेरीला केसाचं मूळ बारीक होत जातं आणि कुठलंही तेल, कितीही निगुतीने केलेलं असलं, तरी ते थांबवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तेलाचं काम वेगळं आहे: कोरडी त्वचा मऊ ठेवणं, केसांची तुटातूट कमी करणं. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं. एवढ्यासाठीही चांगलं तेल करणं सार्थकी लागतं.

आता बिघडलं कुठे? तेलात पाणी राहिलं. पानांचा आणि कांद्याचा रस म्हणजे जवळजवळ पाणीच, आणि वीस मिनिटांत ते सगळं उडत नाही. बाटली उजेडात धरून तळ बघा, गाळाभोवती बारीक थेंब दिसतील. तिथेच ते आंबतं. कांदा तर वगळाच, त्याचा दर्प केसांतून जात नाही. लोखंडी कढईनेही भर घातली. लोहाच्या संपर्कात तेल लवकर खवट होतं. आवळा घातला की रंग काळाभोर होतो म्हणून लोकांना ती आवडते, पण तो रंग उशीच्या अभ्र्यावर उतरतो, केस काळे करत नाही. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या.

प्रमाण आयुर्वेदातलं जुनंच धरा: कल्क (वनस्पतीची ओली चटणी) एक भाग, तेल चार, द्रव सोळा. म्हणजे 250 मिली तेलाला साधारण 60 ग्रॅम कल्क आणि 1 लिटर माक्याचा रस. तेल तिळाचं घ्या. इंदूरच्या थंडीत नुसतं खोबरेल बाटलीत गोठून बसतं, आणि तिळाचं तेल मुळातच खवट व्हायला वेळ घेतं. खोबरेल हवंच असेल तर 75 मिलीपर्यंत मिसळा. कल्कासाठी आवळकाठीची पूड 40 ग्रॅम, माक्याची पूड 20 ग्रॅम, थोड्या पाण्यात चटणीसारखी भिजवून.

ताजा माका ओळखायचा तो पांढऱ्या बारीक फुलांवरून. पिवळ्या फुलांचाही एक माका म्हणून मिळतो, तो वेगळा. पान तळहातावर चोळा: खऱ्या माक्याचा हिरवा रस बघता बघता काळपट होतो. ताजा नसेल तर इंदूरच्या सियागंज बाजारात जडीबुटीवाल्याकडे वाळलेला माका मागा, तिथे ‘भृंगराज’ किंवा ‘भांगरा’ म्हटलं की कळतं. 250 ग्रॅम माका 4 लिटर पाण्यात उकळून 1 लिटर उरवा, गाळून तोच काढा वापरा.

पातेलं निदान 3 लिटरचं हवं, फेस उतू जाऊन गॅसवर सांडला तर पेट घेतो. तेल, कल्क आणि रस किंवा काढा एकत्र करून मंद आचेवर ठेवा, तीन-चार तास लागतात. पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या आसपासच राहतं, म्हणून काही करपत नाही. पाणी संपलं की ते झपाट्याने चढतं, म्हणून शेवटची दहा मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही. बुडबुड्यांचा आवाज मंदावतो आणि तेलावर बारीक फेस येऊ लागतो. तेव्हा चमच्यावर थोडा कल्क काढून निववा, बोटांनी वळा. वात वळली पाहिजे. ती ज्योतीवर धरली आणि चटचट आवाज आला, तर पाणी अजून आहे. आवाज न होता जळली की लगेच उतरवा. कल्क कडक, काळा झाला तर तेल जळलं, ते टाकून द्या.

कोमट असतानाच कोरड्या मलमलीतून गाळा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरचं तेल गाळ न हलवता काचेच्या कोरड्या बाटलीत ओता. रोझमेरीचा अर्क आवडत असेल तर तेल पूर्ण निवल्यावर 100 मिलीला 20 थेंब, त्याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा.

लावायचं आठवड्यातून दोनदा, दोन चमचे, अंघोळीआधी तासभर. कोंडा असेल तर मुळीच नाही: कोंड्याची बुरशी तेलावर पोसते, आधी त्याचा इलाज करा. नळाला नर्मदेचं पाणी नसेल त्या दिवशी बोरिंगच्या जड पाण्यात साबण लावू नका, त्याची साय केसांवर चिकटते आणि दोष तेलाला लागतो. शांपूच वापरा.

डॉक्टरांनी 5 टक्के मिनॉक्सिडिल (केसगळतीवर डोक्याला लावायचं औषध) दिलं, तर ते 1 मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या आणि तेल नसलेल्या त्वचेवर. घरच्या तेलात ते कधीही मिसळू नका. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळू शकतात, त्याला घाबरून सोडू नका, फरक दिसायला निदान चार महिने जातात. तेलाच्या दिवशी आधी तेल, मग शांपू, केस पूर्ण वाळले की औषध.