क्रोममध्ये खोटं, आयई मोडमध्ये खरं?

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या रजेच्या फॉर्ममध्ये सबमिट बटणाला एचटीएमएलमध्ये नुसतं डिसेबल्ड लिहिलंय आणि जावास्क्रिप्टमध्ये गेटअ‍ॅट्रिब्यूट (एचटीएमएलमध्ये लिहिलेलं अ‍ॅट्रिब्यूट वाचून देणारं फंक्शन) वापरून सरळ इफ लावलाय. एजच्या आयई मोडमध्ये (पान जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालवणारा मोड) बरोबर चालतं, पण क्रोम-फायरफॉक्समध्ये बटण बंद असूनही अट खोटीच ठरते. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर: गडबड क्रोमची नाहीये हो, क्रोम बरोबरच सांगतोय. नुसतं डिसेबल्ड लिहिलं की त्याची व्हॅल्यू म्हणजे रिकामी स्ट्रिंग, आणि रिकामी स्ट्रिंग इफमध्ये खोटी धरली जाते, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट आहे तरी तुमचा इफ म्हणतो नाही. आता आयईचं बघा, तुमचं पान बहुतेक आयई ७ च्या डॉक्युमेंट मोडमध्ये, म्हणजे आयई ७ च्या जुन्या नियमांनी, उघडत असणार, कारण तो जुना आयई गेटअ‍ॅट्रिब्यूट विचारलं तरी प्रॉपर्टीच (म्हणजे जावास्क्रिप्टमधली बटणाची आत्ताची स्थिती) काढून द्यायचा, त्यामुळे तुम्हाला चक्क ट्रू मिळतंय आणि चुकीचा कोड चालून जातोय! क्लाससाठी तिथे क्लासनेम लिहावं लागायचं ते याच भानगडीमुळे.

बरेच जण मग 'नल नाही ना' असं तपासा म्हणतात, नल म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटच नाही. क्रोममध्ये चालेल, पण जुन्या मोडमध्ये बटण चालू असताना फॉल्स येतं, आणि फॉल्स म्हणजे नल नव्हे, झाली का पंचाईत. अ‍ॅट्रिब्यूट आहे की नाही एवढंच सांगणारं हॅजअ‍ॅट्रिब्यूट हाच खरा उपाय, पण तो आयई ८ पासून आला, ७ च्या मोडमध्ये एररच येईल.

तुमच्या कामाला मात्र यातलं काहीच नको, सरळ बटण डॉट डिसेबल्ड ही प्रॉपर्टी वाचा, सगळीकडे ट्रू नाहीतर फॉल्स. चेकबॉक्सलाही तेच करा, कारण चेक्ड अ‍ॅट्रिब्यूट फक्त सुरुवातीची स्थिती सांगतं, युजरने टिक काढली तरी ते तिथेच बसून राहतं. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीनेसुद्धा २०११ साली १.६ मध्ये अ‍ॅटर आणि प्रॉप वेगळे केले ते यासाठीच. डेटा वगैरे स्वतःची अ‍ॅट्रिब्यूट्स असतील तिथे हॅजअ‍ॅट्रिब्यूट, आणि ७ चा मोड सोडता येत नसेल तर तिथे नल तपासा, स्वतःच्या नावांना तो नीट नल देतो.

आणि हो, बटण चालू करायला सेटअ‍ॅट्रिब्यूटने डिसेबल्डला फॉल्स देऊ नका, आजच्या ब्राउझरमध्ये ते बंदच राहील. प्रॉपर्टी फॉल्स करा.