वाचकांचे प्रश्न : अपघाताच्या अहवालात काय लिहावे?

प्रश्न : पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा शिफ्ट सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात ठेकेदाराकडील एका तरुण कामगाराची उजव्या हाताची दोन बोटे पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रात, गेली. काम भरभर निघावे म्हणून दोनपैकी एक बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेले होते आणि ते मला ठाऊक होते. आता ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून अहवालावर सही करण्याचा दबाव माझ्यावर आहे. तो मुलगा लवकरच कामावर रुजू होईल. मी काय करावे?

उत्तर : त्या वाक्याखाली सही करू नका. प्रेस चालवताना दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर राहावेत, एवढ्यासाठीच तिला दोन बटणे असतात. एक चिकटवले की मोकळा झालेला हात पत्रा सरकवायला आत जातो आणि त्याच क्षणी रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, खाली येतो. म्हणून बटण कधीपासून तसे होते, ते कोणाच्या सांगण्यावरून चिकटवले आणि तुम्ही ते का काढले नाही, हे तारखांसह लिहून द्या आणि पोच घ्या. त्याचे परिणाम तुम्हालाही भोगावे लागू शकतील, तेव्हा आधी कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्या. मात्र घडलेली गोष्ट बदलू नका. ‘निष्काळजीपणा’ लिहून फाइल बंद झाली, तर शेजारच्या प्रेसवरची पट्टी तशीच राहील. त्या पट्ट्या आजच्या शिफ्टमध्येच काढा. कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर अपघाताची माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यावी लागते. ती गेली का, तेही लेखी विचारा.

आता त्या मुलाविषयी, कारण तुमच्या पत्रात त्याच्यासाठी एकच वाक्य आहे. तो ठेकेदाराचा असला, तरी ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) बाबतीत मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. कामावर झालेल्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. नोकरीचा पहिला दिवस असला तरी लाभ मिळतो. बरा होईपर्यंत त्याला वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. टाके निघाले की प्रकरण मिटले, असे समजून पुष्कळ कामगार इथेच थांबतात आणि पुढच्या हक्काला मुकतात. कमाईची क्षमता कायमची किती घटली, हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळू शकते. एका हाताची दोन बोटे गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात हे प्रमाण २० टक्के धरलेले आहे.

रुजू झाल्यावर त्याला पुन्हा त्याच प्रेससमोर उभे करू नका. रॅमचा ठोका ऐकून तो दचकेल, नसलेल्या बोटांत कळा येतात असे सांगेल, हात खिशात लपवेल. याला कोणी नाटक म्हणणार नाही, हे पाहणे तुमचे काम आहे. तपासणीचे किंवा स्टोअरचे काम पगार न घटवता द्या, पण आधी त्याला विचारा.

त्याच्या येण्याची वाट मात्र पाहू नका. त्याच्या खोलीवर जाऊन बटणाविषयी मला माहीत होते, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि मंडळासमोर जाण्याची तारीख मिळाली की त्या दिवशी त्याच्यासोबत जाण्यासाठी स्वतःची रजा टाका.