बँकेच्या कागदावर तू अजून ट्रेनीच आहेस

प्रश्न: काकू, मी २५ वर्षांचा आहे, सातपूर एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला. मागच्या ऑगस्टमध्ये ट्रेनी असताना पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं, लिमिट ३०,०००. तेव्हा पगार २२,००० होता. जानेवारीत कायम झालो, आता हातात ३१,५०० येतात. घरचा किराणा, बाबांची औषधं, पेट्रोल, सगळं कार्डावरच. दर महिन्याला २५-२६ हजारांचं बिल येतं. १८ तारखेला बिल, ७ तारीख शेवटची, मी ५ तारखेलाच पूर्ण भरतो. बहिणीला जूनमध्ये कॉलेजसाठी ४६,००० चा लॅपटॉप घ्यायचाय, म्हणून ॲपवरून लिमिट वाढवून मागितली, तर ‘सध्या आपण पात्र नाही’ असा मेसेज आला. आठ महिने एकही हप्ता चुकलेला नाही. मित्र म्हणतो, तू पूर्ण भरतोस म्हणून बँकेला तुझ्यापासून काही मिळत नाही; दोन-तीन महिने फक्त मिनिमम, म्हणजे किमान रक्कमच भर, बघ कशी लिमिट वाढते. त्याचं ऐकू का? की दुसऱ्या बँकेचं कार्ड काढू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: काकू म्हणालास, तेव्हा अरेतुरेच करते. आधी त्या मित्राचा निकाल लावू.

२६,००० च्या बिलावर मिनिमम ५ टक्के धरलं तर १,३०० रुपये. राहिले २४,७००. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे ८६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले हजाराच्या वर. तू भरलेस १,३००, त्यातले हजार असेच गेले. पुढचं तर कुणी सांगतच नाही. बाकी ठेवलीस की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे १९ तारखेला आणलेल्या साबुदाण्यावरही १९ तारखेपासूनच व्याज. आणि हे करून लिमिट वाढते म्हणावं, तर उलट बँकेला वाटतं पोराचे हात तंग आहेत. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर. ‘हा व्याज देतो, याला अजून द्या’ असं म्हणणारा साहेब मला एकही भेटला नाही.

आता तुला नकार का आला असावा ते बघू. तू वेळेवर भरतोस हे बँकेला दिसतं. पण आणखी दोन गोष्टी दिसतात.

एक म्हणजे तुझं कार्ड कायम काठोकाठ भरलेलं असतं. ३०,००० पैकी २६,००० म्हणजे जवळजवळ ८७ टक्के. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडे बँका प्रत्येकाची बाकी कळवत असतात. पूर्वी महिन्यातून एकदा कळवायच्या, जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्याला कळवू लागल्या. त्या दिवशी जी बाकी असेल ती जाते. ५ तारखेला तू सगळं चुकतं करतोस खरं, पण कळवण्याच्या दिवशी कार्डावर चोवीस हजार बसले असतील तर कागदावर चोवीस हजारच. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर असावा असं म्हणतात. तो काही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, पण ८७ आणि ३० यात फरक आहेच ना.

यावर उपाय अगदी बायकी हिशोबाचा आहे. बिलाची वाट बघू नकोस, दर रविवारी ॲप उघड आणि आठवडाभरात जे वापरलं ते भरून टाक. किराण्याचे ३,८००, पेट्रोलचे ६००, औषधांचे दीड हजार, जे असेल ते. खर्च तेवढाच राहील, पण १८ तारखेला बिल येईल पाच-सहा हजारांचं. हो, ते उरलेलं मात्र ७ च्या आत भरायचं. ‘मी तर दर आठवड्याला भरतोच’ म्हणून बिल विसरणारे मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. बँकेच्या कागदावर तू अजून २२,००० वाला ट्रेनी आहेस. तू कायम झालास हे कारखान्याला ठाऊक, आईला ठाऊक, पेढे खाल्लेल्या शेजाऱ्यांना ठाऊक. बँकेला सांगितलंस का? ॲपवर नुसतं ‘लिमिट वाढवा’चं बटण दाबलं की यंत्र जुनी माहिती काढतं आणि नाही म्हणतं. म्हणून आधी उत्पन्न अद्ययावत करून घे. लागोपाठच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती आणि कायम झाल्याचं पत्र दे. पगार दुसऱ्या बँकेत जमा होत असेल तर त्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा जोड. फॉर्म १६, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, मिळाला तरी तो पुढे करू नकोस, त्यातल्या वर्षाच्या बेरजेत बहुतेक महिने तुझ्या जुन्याच पगाराचे असणार. शाखेत जाऊन रांग लावण्यात फारसा अर्थ नाही. कार्डाचा विभाग वेगळा असतो, शाखेतली मुलगी फार तर त्या विभागाचा फोन नंबर लिहून देईल. रक्कमही बेताची माग. साठ हजार म्हण, दोन लाख नको.

लगेच मात्र मागू नकोस. दोन-तीन महिने रविवारचा नेम चालू दे, ऑगस्टमध्ये कार्डाला वर्ष होईल, तेव्हा अर्ज कर. त्याआधी सिबिलचा अहवाल काढून बघ. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कदाचित तोवर बँकच ॲपवर ‘वाढीव लिमिट घ्या’ म्हणून दाखवेल. तुझ्या होकाराशिवाय ती परस्पर वाढवता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि लिमिट वाढवून देतो म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून दे. चुकून दिलाच, तर त्याच मिनिटाला कार्ड ब्लॉक आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

दुसऱ्या बँकेचं कार्ड? आत्ता नको. माझ्या भाच्याला एका बँकेनं नाही म्हटलं, तर त्यानं रागाच्या भरात महिन्याभरात चार ठिकाणी अर्ज ठोकले. प्रत्येक बँकेनं त्याचा अहवाल मागवला आणि प्रत्येक चौकशीची नोंद झाली. चौथ्या बँकेला दिसलं की हा दारोदार फिरतोय. ती नोंद अहवालात बराच काळ राहते. पुढे बाईकचं कर्ज घ्यायला गेला तेव्हा शोरूमवाल्यानं पहिलं तेच विचारलं.

राहिला लॅपटॉप. त्यासाठी लिमिट वाढायलाच हवी असं कुणी सांगितलं तुला? दुकानदाराला म्हण, २२,००० यूपीआयनं देतो, २४,००० कार्डावर घे. बहुतेक दुकानांत असं चालतं. आदल्या दिवशी फोन करून विचार म्हणजे झालं. १९-२० तारखेला घेतलास, म्हणजे बिल होऊन गेल्यावर आणि ते आधी भरून टाकून, तर ते चोवीस हजार पुढच्या महिन्याच्या बिलात येतील आणि भरायला त्याच्याही पुढची ७ तारीख मिळेल. मध्ये दोन पगार येतात. त्या आठवड्यांत किराणा तेवढा रोखीनं आण, आणि आईला आधी सांगून ठेव, नाहीतर ती वाण्याकडे तुझंच कार्ड पुढे करेल.